मोठ्याने सांगायचं मत

मतदानाचा कागद घेऊन पोलीस दारात आला, तेव्हा मेना उंबऱ्याशी खुर्ची टाकून लेस विणत बसली होती. त्याने वही पुढे केली आणि सहीची जागा बोटाने दाखवली. मेनाने तिथे फुली मारली. चर्चच्या वहीत, मुलाच्या लग्नात, नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर, जिथे जिथे सही लागली तिथे तिने आजवर ही एकच फुली मारली होती. तिची तिला लाज नव्हती. मुन्शार गावात तिच्या वयाच्या निम्म्या बायका फुलीवाल्याच होत्या, सहाव्या वर्षी लेस विणायला बसवलेल्या, त्या शाळेत जाणार कधी?

"कागद जपून ठेवा हं मावशी," पोलीस म्हणाला. "हा हरवला तर मत गेलं."

"माझं मत कुठे जातंय बाबा," मेना म्हणाली. "ते सगळ्या गावाला पाठ आहे."

तो हसला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. माल्टाशेजारचं गोझो बेट एवढंसं, पण दोन पक्षांत त्याची वाटणी पक्की. माणूस एकतर आपला, नाहीतर त्यांचा. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आधी तेवढं ठरलेलं असतं. कॉफी कुठल्या क्लबात प्यायची, पाव कुठल्या बेकरीतून आणायचा, सणाला कुणाच्या बँडमागे चालायचं, हे सगळं त्या एका गोष्टीवरून ठरतं. मेना लग्न करून दोरीवाल्यांच्या घरात आली. त्या घराण्यातल्या कुणीतरी कधीकाळी बोटींचे दोर वळले होते, म्हणून ते दोरीवाले. खरं आडनाव फक्त पोलिसाला आणि पाद्र्याला ठाऊक. दोरीवाले पहिल्यापासून 'आपले'. आणि आपल्यांतही ते वकील बेलित्सींचे. एकेका पक्षाचे सात-आठ उमेदवार उभे राहतात, मतदाराने त्यांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे, आणि खरी मारामारी असते ती पहिल्या नंबरासाठी. दोरीवाल्यांच्या घरातला पहिला नंबर तीस वर्षं बेलित्सींना जात होता. मेनाचा दीर नार्डू गावात त्यांचं काम बघायचा आणि हे नंबर बोटांवर मोजून दाखवायचा.

ज्याला वाचता येतं तो पडद्यामागे जाऊन काय वाटेल ते करू शकतो. ज्याला येत नाही, त्याने मत मोठ्याने सांगायचं असतं. बाकीच्या मतदारांना खोलीबाहेर काढतात, दार लावतात, आणि टेबलामागचे पाचजण ऐकायला सरसावून बसतात. एक मुख्य अधिकारी माल्टाहून आलेला, दोघे आपले आणि दोघे त्यांचे. तुम्ही नाव बोलायचं, मुख्य अधिकाऱ्याने नंबर घालायचा, बाकी चौघांनी बघायचं. बाहेर जाऊन ब्र काढणार नाही अशी पाचांचीही शपथ असते आणि खरंच कुणी ब्र काढत नाही. फक्त संध्याकाळी क्लबात विस्तिन मास्तर नार्डूकडे बघून मान हलवतो. मास्तर टेबलामागच्या दोघा 'आपल्यां'पैकी. त्याची मान उभी हलली की नार्डू पुढच्या घराकडे वळतो.

मेनाला हे सगळं तीस वर्षं माहीत होतं आणि तीस वर्षं तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. उगाच खोटं का सांगा? जेवायला काय करू हे विचारतात त्याच सुरात तिला मत विचारलं जायचं आणि ती द्यायची.

मग तिचा नवरा लेली अंथरुणाला खिळला. अर्धं अंग गेलं, पाठीला जखमा झाल्या. सरकारी नर्स आठवड्यातून दोनदा येणार असं ठरलं होतं. आली ती आसुंता श्वेरेब. गावातलीच, पण 'त्यांची'. तिच्या बापाच्या आणि लेलीच्या बापाच्या भर चौकात गचांड्या धरून झालेल्या. पहिल्या दिवशी लेलीने तोंड भिंतीकडे करून विचारलं, "तू त्यांची ना?"

"हो," आसुंता म्हणाली. "पण पाठ तुमची आहे. कुशीवर व्हा बघू."

ती आठवड्यातून दोनदा नाही, रोज आली. आठ महिने. आपली पाळी संपवून, पायात पेटके आलेले असताना. जखमांचा वास असा असायचा की सख्खा मुलगा अंगणात जाऊन बसायचा. ती मात्र गावातल्या कोंबड्या-बकऱ्यांच्या गप्पा मारत पाठ धुवायची. लेली गेला त्या दिवशी त्याची दाढीही तिनेच केली. अंत्यविधीला वकील बेलित्सींकडून फुलांचं चक्र आलं, गाडीच्या चाकाएवढं, सोनेरी अक्षरांत नाव असलेलं. नाव कुणाचं ते नार्डूने मोठ्याने वाचून दाखवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी निवडणूक लागली आणि आसुंता 'त्यांच्या'कडून उभी राहिली. मेनाने मनाशी ठरवलं, पहिला नंबर हिला. घरून निघताना ठरवलं, रस्त्यात ठरवलं, मतदान असलेल्या शाळेच्या पायऱ्या चढतानाही ठरवलं. दार लागलं. पाचजण समोर. विस्तिन मास्तर मायेने म्हणाला, "बेलित्सी ना, मावशी?" आणि मेनाची मान हलली. तिने हलवली नाही, ती आपोआप हलली. मतमोजणीच्या शेवटच्या फेरीत आसुंता एकोणीस मतांनी पडली.

त्या एकोणीसमधलं एक आपलं, हे मेनाच्या मनात घर करून बसलं. पुढच्याच आठवड्यात आसुंता तिला रस्त्यात भेटली आणि विचारलं काय, तर "गुडघा कसा आहे, मावशी?" तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मेनाला बरं वाटलं असतं.

आता पाच वर्षांनी आसुंता पुन्हा उभी होती, आणि या वेळी मेनाने निराळा बेत केला होता. ती मत मोठ्याने सांगणारच नव्हती. पडद्यामागे जाऊन स्वतः लिहिणार होती.

आकडे तिला येत होते. दर गुरुवारी क्लबात बायकांचा टोंबोला चाले, पुकारलेले आकडे कागदावर खोडायचा खेळ. त्यात ती चार-चार कागद एकदम सांभाळायची. 'एक' म्हणजे तर नुसती उभी रेघ. प्रश्न होता तो कुठल्या नावापुढे काढायची हा. उमेदवार दारोदार आपली छापील पत्रकं वाटतात, मत कसं द्यायचं ते दाखवणारी. आसुंताचं पत्रक दोरीवाल्यांच्या दारात येणं शक्यच नव्हतं. मेनाने ते 'त्यांच्या' बेकरीच्या गल्ल्यावरून उचललं. त्या बेकरीत ती जन्मात पहिल्यांदा पाय ठेवत होती आणि पाव घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. "हे कुणाचं गं?" असं तिने वेड पांघरून विचारलं, तेव्हा बेकरीवालीने नाव वाचून दाखवलं. वर त्यांच्या पक्षाची खूण, ती तर तान्ह्या पोरालाही ओळखता येते. खुणेखाली सात ओळी. पहिल्या ओळीत आसुंताचं नाव, पुढे चौकोनात 'एक' छापलेला.

म्हणजे सोपं होतं. त्यांची खूण शोधायची, खालची पहिली ओळ धरायची, रेघ मारायची. पत्रक तिने लेस विणायच्या उशीखाली सारलं आणि रोज दुपारी दार लावून ते काढून बघायला लागली.

मतदान शनिवारी होतं. गुरुवारी नार्डू आला आणि न विचारता जेवायला बसला. मेनाचा मुलगा साल्वू समोर बसून घेवड्याच्या शेंगांचं सूप पीत होता. साल्वू इम्जार बंदरात, माल्टाची बोट लागते तिथे, दोर बांधायच्या कामावर होता. चार वर्षं हंगामी. काम बेलित्सींनीच लावून दिलं होतं.

"वहिनी, गोड बातमी आहे," नार्डू म्हणाला. "साल्वूला कायम करायचा कागद वकिलांच्या टेबलावर गेलाय. निवडणूक झाली की सही."

"आधी नाही होत?" मेनाने विचारलं.

"आधी कशी होईल? वकील निवडून यायला नकोत? या वेळी रस्सीखेच आहे. एकेक पहिला नंबर मोजतायत ते." त्याने पाव मोडला. "शनिवारी नऊला गाडी घेऊन येतो. गुडघ्याचं निमित्त सांगू नका."

"निमित्त मी कधी सांगितलंय, भावोजी?"

"तेच म्हणतो मी. दोरीवाल्यांचं घर म्हणजे बघायला नको."

मेनाने साल्वूकडे बघितलं. तो वाडग्यात बघत होता. "काका, अजून घ्या सूप," एवढंच तो म्हणाला. मेनाला वाटलं, पोराचीही तीच इच्छा आहे. का नसावी? दोन लेकरांचा बाप, दर सप्टेंबरला हंगाम संपला की पुढच्या कामाच्या काळजीत हिंडतो. ती रात्रभर तळमळली नाही, पण सकाळी उठली ती एक गोष्ट पक्की करूनच. मत द्यायचं ते आसुंतालाच, पण कुणाला सुगावा लागता कामा नये. पडद्यामागची रेघ कुणाला दिसत नाही. साल्वूचं काम वाचेल आणि तिचा जीवही शांत होईल. दोन्ही जमवायचं तर पेन्सिल आपल्याच हातात हवी.

शनिवारी नार्डूची गाडी नऊच्या आधीच दारात उभी राहिली. साल्वू पहाटेच बंदरावर गेला होता. शाळेसमोर ही गर्दी. आपले फाटकाच्या एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, आणि मधून जाणाऱ्या प्रत्येकावर दोन्हीकडचे डोळे. नार्डूने तिला हाताला धरून मधून नेलं. आसुंता पलीकडच्या भिंतीशी उभी होती. तिने मेनाकडे बघून मान झुकवली आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, उगाच म्हातारीची पंचाईत नको म्हणून.

खोलीत टेबलामागे पाचजण. मुख्य अधिकारी या वेळी एक तरुण बाई होती, माल्टाची, काळा चष्मा केसांवर चढवलेली. विस्तिन मास्तर मेनाला बघताच उठला. "चला, बाहेर व्हा जरा सगळे," तो रांगेला म्हणाला. "मावशींचं मत तोंडी असतं."

"राहू द्या त्यांना," मेना म्हणाली. "मी लिहिणार आहे."

मास्तर अर्धा उभा, अर्धा बसलेला. "काय लिहिणार?"

"मत. दुसरं काय लिहितात इथे?"

रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं. मास्तर वाकून हळू म्हणाला, "मावशी, उगाच त्रास कशाला घेताय? चूक झाली तर मत बाद होतं. नेहमीसारखं आम्ही..."

"त्यांना लिहायचं असेल तर लिहू द्या," मुख्य बाई म्हणाली आणि मतपत्रिकेवर शिक्का मारून ती मेनाच्या हातात दिली.

मेना पडद्यामागे गेली. फळीवर पेन्सिल होती. तिने कागद उलगडला, आणि तो उलगडतच गेला.

पत्रकावर सात ओळी होत्या. इथे वीसच्या वर होत्या. वर आपली खूण आणि तिच्याखाली नावंच नावं. मग 'त्यांची' खूण. मग आणखी कुणाकुणाच्या. मेना घाबरली नाही. तिने त्यांच्या खुणेवर बोट ठेवलं आणि खालच्या पहिल्या ओळीवर सरकवलं. पेन्सिल चौकोनावर टेकवली.

आणि ती थांबली. ते नाव आखूड होतं. पत्रकावर आसुंताचं नाव ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं. इतके दिवस बघून बघून तेवढं तिला पाठ झालं होतं. हे तर अर्ध्यातच संपत होतं. हे कुणा दुसऱ्याचंच नाव.

पत्रकावर प्रत्येक उमेदवार आपलं नाव सर्वांत वर छापून घेतो, आणि खऱ्या मतपत्रिकेवर नावं अक्षरांच्या क्रमाने येतात, हे गोझोत वाचता येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. इतकं ठाऊक असतं की ते कुणी कुणाला सांगत नाही. मेनाला ते पडद्यामागे, पेन्सिल हातात असताना कळलं.

तिने खाली बघितलं. त्या खुणेखाली लांब नावं तीन होती. तिसरं, पाचवं आणि शेवटचं. तिने एकेकावर बोट फिरवलं, जणू त्यातलं एखादं बोटाला ओळख देईल. अक्षरं तशीच बसून राहिली.  अंदाजाने मारावी रेघ? तिघांतलं एक लागलं तर लागलं. नाही तर मत कुणा अनोळखी माणसाच्या पदरात. कोरीच टाकावी? म्हणजे पाच वर्षं वाट बघून आसुंताच्या वाट्याला पुन्हा शून्य. राग आला तिला. मास्तरचा नाही, नार्डूचा नाही. सहाव्या वर्षी हातात लेसच्या काड्या देणाऱ्या आपल्या आईचा राग आला, आणि ती बिचारी मरून चाळीस वर्षं झाली होती.

"मावशी, सगळं ठीक ना?" पलीकडून मास्तर.

तिने पुन्हा तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोळंबलेत लोक." मग आणखी जवळून, "येऊ का मदतीला?"

मदत म्हणजे काय ते तिला माहीत होतं. दार लागणार, पाचजण बसणार, आणि पडद्यामागची रेघ पडद्यामागे राहणार नाही. साल्वूचं काम त्या टेबलावर पडलेलं तिला दिसत होतं. बेलित्सींचं नाव सांगून सुटता येत होतं. मान हलवायची, घरी जायचं, आणि आणखी पाच वर्षं आसुंताने गुडघ्याची चौकशी केली की खाली बघायचं. तोवर आपण असू की नसू?

मेना पडदा सारून बाहेर आली आणि कागद मुख्य बाईसमोर ठेवला. "मला नाव सापडत नाही," ती म्हणाली. "सांगते, तुम्ही लिहा."

मास्तरच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. खोली रिकामी झाली, दार लागलं. बाईने पेन्सिल घेतली. चार डोकी कागदावर झुकली.

"पहिला नंबर?" बाईने विचारलं.

मेनाने कागदाकडे बघितलं. 

"बेलित्सी ना, मावशी?" मास्तर म्हणाला. तोच आवाज, तीच माया.

"मास्तर, सुचवायचं नाही," बाई म्हणाली.

मेनाला आपली मान हलायला लागल्याचं जाणवलं. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि मान ताठ केली.

"आसुंता श्वेरेब," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला.

मास्तरने कान पुढे केला. "कोण?"

"आसुंता श्वेरेब," मेना या वेळी असं म्हणाली की रांगेतल्यांनीही ऐकलं असावं. "आपली नर्स. माझ्या नवऱ्याची पाठ धुवायची ती. लिहा एक."

 त्यांच्यापैकी दोघे होते, तेही हरखले नाहीत. खाली मान घालून बसले. मास्तर हळूच म्हणाला, "मावशी, साल्वूचा विचार केलात?"

"केला," मेना म्हणाली. "रात्रंदिवस तोच केलाय. लिहा, बाई."

बाईने शेवटच्या लांब नावापुढे 'एक' लिहिला आणि कागद फिरवून मेनाला दाखवला. म्हणजे शेवटची ओळ होती. मेनाने ती नीट बघून घेतली. मग स्वतःच्या हाताने घडी घातली आणि पेटीत टाकली.

नार्डू फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. "इतका वेळ? मला वाटलं आत जेवायलाच बसलात."

"भावोजी, मी आसुंताला दिलं," मेना म्हणाली. "पहिला नंबर. मीच सांगते, म्हणजे मास्तरला संध्याकाळी मान हलवायचा त्रास नको."

नार्डू हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. तोंड उघडून त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं की काय ते. "वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे?" तो दातओठ खात म्हणाला. "पोराच्या पोटावर पाय दिलात तुम्ही. स्वतःच्या पोराच्या." त्याने खिशातून फोन काढला आणि तिला तिथेच सोडून चौकाकडे चालता झाला.

मेनाने बंदराची बस धरली. बातमी साल्वूला तिच्याच तोंडून कळायला हवी होती. अर्ध्या तासाच्या वाटेत तिने दहा वाक्यं जुळवली आणि दहाही मोडली. उतरली तेव्हा माल्टाची बोट धक्क्याला लागत होती आणि साल्वू दोर खुंटावर चढवत होता. ते झाल्यावर हात पुसत तो तिच्याकडे आला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"काकांचा फोन आला होता," तो म्हणाला.

"मला गुपचूप द्यायचं होतं रे," मेना म्हणाली. "कुणाला कळू न देता. तुझ्यासाठीच. पण नावच सापडलं नाही."

साल्वूने बोटीकडे बघितलं. बोटीतून माणसं उतरत होती, मतदानासाठी घरी परतलेली, हातात पिशव्या घेतलेली.

"काम जाणार, आई."

"माहीत आहे."

"बाबांच्या खोलीत मी कधी थांबलो नाही. वास सहन होत नव्हता मला. ती थांबायची." त्याने नाक पुसलं. "सकाळी सातला, इथे यायच्या आधी मी मत देऊन आलो. पहिला नंबर आसुंताला. गेल्या खेपेलाही तिलाच."

मेनाने त्याची बाही धरली. "मग बोलला का नाहीस?"

"मला वाचता येतं ना," साल्वू म्हणाला. "मला बोलावं लागत नाही."